पेटाऱ्यातली वाचनमाला: जुन्या पुस्तकावरून मुलाला वाचायला शिकवताना

माझी नात पुस्तक उलटे धरून धडा वाचत होती. एकही शब्द चुकत नव्हता. मी स्वयंपाकघरात खोबरे किसता किसता ऐकत होते आणि मनातल्या मनात फुशारत होते. बाहेर येऊन बघते तर चित्रातल्या बदकाचे पाय वर! तीन आठवडे मी तिला वाचायला शिकवते आहे असा माझा समज होता, आणि ती बया नुसते ऐकून पाठ करत होती. जन्म प्राथमिक शाळेत घालवलेल्या बाईच्या घरात हे घडले, म्हणून मुद्दाम आधीच सांगून टाकते.

दोष पुस्तकाचा नव्हता. जुनी वाचनपुस्तके फार विचाराने रचलेली असतात. आधी बिनकान्याचे शब्द, मग काना, मग वेलांटी, अशा पायऱ्या त्यांत पक्क्या असतात. पण ती लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: धडा उघडण्याआधी मास्तर फळ्यावर अक्षर घडवून घेतील. आपण पेटाऱ्यातून पुस्तक काढून मुलाच्या हाती देतो तेव्हा अर्धेच साधन देतो. उरलेले अर्धे, म्हणजे मास्तरांचे काम, कसे करायचे ते इथे लिहिते आहे. गोव्यातल्या घरासाठी लिहिते आहे, कारण आपल्याकडे बोलणे कोकणीत आणि वाचणे मराठीत, हा पेच पुण्याच्या आजीला पडत नाही.

आधी पुस्तक कोणते आहे ते बघा

पेटाऱ्यात बहुधा तीन प्रकार निघतात. एक अंकलिपी. तिच्यात मुळाक्षरे, बाराखडी, आकडे, पाढे आणि जुनी असेल तर पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे. हे वाचनाचे पुस्तक नव्हे. दुसरा प्रकार वाचनमालांचा, जशी १९३०च्या दशकात आलेली आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला. तिसरा बालभारती. ते मंडळ पुण्यात १९६७ साली स्थापन झाले, त्यामुळे आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांचे हळवे कोपरे तिथे आहेत.

मुखपृष्ठ गेले असेल तरी पुस्तकाचा काळ ओळखता येतो. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पांच’, ‘केलें’ अशी टिंबे दिसली की ते १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे किंवा त्या वळणाचे समजावे. ‘कवि’, ‘गुरु’ असे शेवटी ऱ्हस्व दिसले तरी तेच. काही छपाईत ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांच्या जागी ‘अि’, ‘अु’, ‘अे’ दिसतील. ती सावरकरांच्या लिपिसुधारणेची छाया. असले पुस्तक आपण वाचावे, नवशिक्या मुलाला देऊ नये.

मग पहिली पंधरा पाने चाळा आणि पेन्सिलीने कागदावर लिहा: कोणत्या पानावर पहिला काना आला, कोणत्या पानावर पहिली वेलांटी, कुठे पहिले जोडाक्षर. हा क्रम सावकाश चढत असेल तर पुस्तक कामाचे. दुसऱ्याच पानावर ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ उगवले असतील तर ते मोठ्याने वाचून दाखवायला ठेवा. कविता छान असतील. पण त्यावर वाचन शिकवू नका.

घरात काहीच नसेल तर देवळाच्या वाचनालयात, तालुक्याच्या ग्रंथालयात विचारा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नशिबाचा भाग. पणजीत पाटो इथले कृष्णदास शामा ग्रंथालय हे १८३२ साली सुरू झालेल्या ग्रंथालयाचे आजचे रूप. जुने नुसते बघायचे असले तरी तिथे जावे. गंमत अशी की भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आपल्याच गोव्यात आला, १६१६ साली मराठी क्रिस्तपुराण छापले ते इथेच, पण रोमी अक्षरांत. नागरीतल्या पहिल्या पुस्तकासाठी आमच्या आजोबांना मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसावे लागले.

मूळ प्रत मुलाला देऊ नका

चार पावसाळे खाल्लेल्या पुस्तकात बुरशी असते, कसर असते. अंगणात, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने पानागणिक झाडा. ओलसर वाटले तर पंख्याखाली सावलीत तीन-चार दिवस उघडे ठेवा. उन्हात घातले की कागद कडक होऊन कातरतो. किडे दिसले तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता घरच्या हवेला येऊ द्यावी, नाहीतर कागदावर दव धरते. चिकटपट्टी मात्र कधीही लावू नका. मी एकदा लावली होती. पाच वर्षांनी पट्टी सुटली, पिवळा डाग राहिला आणि डागाखालची ओळ गेली.

फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. पुस्तक पूर्ण सपाट उघडले तर शिवण तुटते, म्हणून दोन्ही पुठ्ठ्यांखाली उशा देऊन अर्धेच उघडा. झेरॉक्स काढताना ए-५ आकाराचे पान ए-४वर १४१ टक्क्यांनी मोठे होते. सहा वर्षांच्या मुलाला तेवढे अक्षर सोयीचे.

घरच्या अभ्यासापुरती प्रत काढायला हरकत नाही. छापून वाटायची किंवा विकायची मात्र नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचे स्वतःचे लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे.

टिंबांचे काय करायचे

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. मुलाच्या प्रतीवर पांढरी शाई घेऊन बसायचे आणि जुनी टिंबे पुसायची: ‘नाहीं’चे ‘नाही’, ‘तूं’चे ‘तू’, ‘गांव’चे ‘गाव’, ‘झाडें’चे ‘झाडे’. पण सरसकट पुसत सुटू नका. ‘मुलांनी’, ‘लोकांना’ यांवरचे टिंब अनेकवचनाचे आहे, ते आजही हवेच. ‘घरांत’ हा शब्द तर अर्थ बघूनच ठरवावा. एका घरात असेल तर टिंब गेले. अनेक घरांत असेल तर राहिले.

आता आपल्याकडची गाठ. मराठीने जी टिंबे लिहिणे सोडले ती कोकणीने ठेवली आहेत, कारण कोकणीत ती ऐकू येतात. नांव, गांव, पांच, केलें, घरांत. म्हणजे मूल शाळेत कोकणीच्या पुस्तकात ‘नांव’ वाचते, मराठीच्या पुस्तकात ‘नाव’ वाचते, आणि आजोबांच्या वाचनमालेत मराठीतच पुन्हा ‘नांव’ सापडते. गोंधळ होणारच. मी नातीला दोन शब्द दोन रंगांत लिहून दाखवले. निळे कोकणीचे, तांबडे मराठीचे. “निळे नाकातून म्हण, तांबडे तोंडातून.” तिला ते खेळासारखे वाटले. चूक-बरोबर हा शब्द इथे काढूच नये. मराठीच्या वहीत ‘नांव’ लिहिलेले मूल चुकत नसते, ते घरातले ऐकलेले लिहीत असते. आपण फक्त रंग बदलून द्यावा.

अक्षरांच्या वळणाचेही बघा. जुन्या छपाईतला ‘ख’ नीट पाहा, तो ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा असतो. ‘खात’ हे ‘रवात’ होते आणि मूल आपल्याकडे वेड्यासारखे बघते. अशा ठिकाणी प्रतीवर पेनने दोन्ही भाग खाली जोडून टाका. ‘ल’ आणि ‘श’ यांची दोन वळणे मोबाइलवर आणि पुस्तकात वेगळी दिसतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला, पण मुलाला दोन्ही ओळखता आले पाहिजेत, कारण दुकानाच्या पाट्या शासननिर्णय वाचून रंगवत नाहीत.

पुस्तक मिटून पहिले दोन आठवडे

अक्षराआधी कान. ‘घर’ म्हटल्यावर पहिला आवाज कोणता, शेवटचा कोणता, ‘माड’मधला ‘मा’ काढला तर काय उरते, असे खेळ भाजी निवडताना, बसमध्ये, आंघोळीच्या वेळी. पुस्तक नको, पाटी नको.

शब्द असे घ्या जे कोकणीत आणि मराठीत एकच आहेत: घर, माड, वाट, कान, नाक, हात, पान, रात, दार, फळ. यांच्यावर अक्षर शिकवले की मुलाला भाषांतर करावे लागत नाही. चित्रांत हीच अडचण असते. अंकलिपीत कुत्र्याचे चित्र काढून ‘क’ शिकवायला जावे, तर आपले मूल म्हणते ‘सुणें’. ते ‘स’ म्हणते आणि आपण त्याला ‘क’ म्हण म्हणून दटावतो! आधी चित्रे तपासा. चित्राचे नाव मुलाच्या तोंडी मराठीत सहज येत नसेल तर ते चित्र झाकून दुसरे चिकटवा.

अर्थाचे फसवे शब्दही आहेत. ‘आई भात वाढते’ हे वाक्य नातीने नीट वाचले आणि मग थांबली. तिच्या लेखी भात शेतात असते. ताटात असते ते शीत. वाचता येत होते, पटत नव्हते. असा थांबा आला की टोकू नका, उलट आनंद माना. मूल अर्थ लावते आहे.

अक्षरांचा क्रम

क-ख-ग-घ-ङ या ओळीने वाचन शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. ती ओळ म्हणायला सुंदर आहे, उच्चारस्थानांची मांडणी म्हणून तर अप्रतिम, पण ‘ङ’ने एकही शब्द सुरू होत नाही. वळण सोपे आणि शब्द लगेच बनतील अशी अक्षरे आधी घ्या. माझी पहिली नऊ: ग, म, न, र, स, व, ब, क, घ. एवढ्यांत मन, वन, गगन, रस, बस, कर, वर, घर होतात. पहिल्याच आठवड्यात मूल ‘बस’ वाचते आणि रस्त्यावर बोट दाखवते.

पुढच्या खेपेला प, त, ल, द, ड, ट, फ, ण, ळ. मग उरलेली. ‘ङ’ आणि ‘ञ’ सोडून द्या, ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऋ’ शेवटी. तशी व्यंजने ३१ उरतात. आठवड्याला तीन नवी आणि रोज पंधरा मिनिटे धरली तर जूनमध्ये सुरू केलेले गणेशचतुर्थीच्या आसपास पुरे होते. पंधरा म्हणजे पंधराच. विसाव्या मिनिटाला मूल शिकत नाही, सुटका कधी होते ते बघत असते.

मिळते-जुळते वळण एकाच आठवड्यात आणू नका. ‘म’ पक्का झाल्यावरच ‘भ’, ‘घ’ पक्का झाल्यावरच ‘ध’. ‘ब’ आणि ‘व’ मी वर एकाच गटात दिले आहेत खरे, पण त्यांच्यात चार दिवसांचे अंतर ठेवते.

अंकलिपीतले शब्द आंधळेपणाने घेऊ नयेत. ‘ऐ’साठी ऐरण, ‘ठ’साठी ठसा, ‘ण’साठी बाण. लोहार मुलाने पाहिलेला नाही. ‘ऐ’साठी ‘ऐक’ का नाही? दिवसातून पन्नास वेळा तो शब्द आपण त्याला ऐकवतो. त्याचे चित्र काढता येत नाही म्हणून तो छापत नाहीत, एवढेच. ‘ण’ साठी काणकोण, पेडणे, पणजी आहेत. ‘ळ’ साठी वाळपई.

गावांची नावे हे गोव्यातल्या आजीचे हुकमी पान. ‘मडकई’ला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही! माझ्या नातीने वाचलेले पहिले गाव तेच. मग ‘मडगाव’, ‘वाळपई’, मग ‘पणजी’, ‘डिचोली’, ‘केपे’. ‘सांगे’ आणि ‘फोंडा’ अनुस्वाराला. ‘म्हापसा’ अगदी शेवटी.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांना दोन-दोन आवाज आहेत हे पुस्तक सांगत नाही. चूल, चोर, चाक यांतला एक. चंद्र, चार, चित्र यांतला दुसरा. जाळे आणि जग तसेच. नियम सांगत बसू नका, दोन डब्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या टाकायला लावा. कोकणी बोलणाऱ्या मुलाला हे दोन्ही आवाज घरचेच असतात.

कान्यानंतर लगेच बाराखडी सगळी नको. दुसरी वेलांटी आधी, पहिली नंतर. ‘ि’ लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला हा अन्याय वाटतो. नदी, वही, भाजी पक्के झाल्यावर मग किती, दिवा. ‘क ला काना का’ हे घोकणे लिहिताना उपयोगी पडते. वाचताना मात्र ते तोंडातून जायला हवे, नाहीतर ‘काका’ वाचेपर्यंत काका घरी जातात.

लिहिण्याबद्दल थोडेच. आमच्या वाडवडिलांनी शेणैमामाच्या, म्हणजे गावच्या जुन्या मास्तरांच्या, शाळेत धुळीत बोटाने अक्षरे काढली. ताटात तांदूळ पसरून तेच होते. पेन्सिल नंतर.

धडा घेण्याची रीत

पहिल्या दिवशी धडा उघडण्याआधी त्यातले नवे चार-पाच शब्द पाटीवर. ते मुलाने एकट्याने वाचले तरच पान उघडायचे. मग तुम्ही बोट फिरवत सावकाश वाचा, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. दुसऱ्या दिवशी आधी कालचा धडा त्याच्याकडून, मग नवा.

आणि उलट्या बदकाची परीक्षा रोज घ्यायची. चित्रावर कागद ठेवा. ओळ शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायला सांगा. जुन्या धड्यांची वाक्ये तालात असतात, म्हणून ती पाठ होतात. ताल मोडला की खरे काय येते ते कळते. धड्यातले शब्द कापून त्यांची नवी वाक्ये करा. धड्यात ‘रतन, वर चढ. फणस बघ.’ असेल तर ‘फणस, वर चढ. रतन बघ.’ असे मांडून ठेवा. मूल हसले तर ते वाचते आहे. आमच्या घरी या फणसाने चार दिवस हसवले.

अडले तर तीन श्वास थांबा. मग शब्दाचा पहिला भाग सांगा, पूर्ण शब्द नको. तरी अडले तर शब्द सांगून पुढे जा आणि तो शब्द उद्याच्या पाटीवर लिहा. एकाच पानावर पाचांहून जास्त शब्द अडत असतील तर चार धडे मागे जायचे, न चिडता. तीन-चार महिने रोज बसूनही अक्षरे टिकत नसतील, पुस्तक डोळ्याजवळ धरले जात असेल, हाक ऐकू येत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे सगळे ठीक निघाले तर वाचनाच्या अडचणींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. आळशी म्हणून शिक्का मारू नका.

जुन्या धड्यांत आई चुलीशी आणि बाबा कचेरीत असतात, मुली पाणी भरतात आणि मुलगे चेंडू खेळतात. मी पाने फाडत नाही. नात वाचून झाल्यावर तीच विचारते, “कमल खेळत का नाही?” मग आम्ही कमलसाठी एक ओळ लिहून चिकटवतो. जातीवरून कोणाला खाली दाखवणारा धडा असेल तर तो मात्र झेरॉक्सच काढू नये.

जोडाक्षरे आणि पुढे

सगळ्या मात्रा सहज झाल्या की जोडाक्षरे. आधी तीच दोन अक्षरे जोडलेली: पक्का, कच्चा, पत्ता, डब्बा. मग उभी रेघ गेलेली अर्धी अक्षरे: पुस्तक, म्हैस, ग्लास. ‘र’ला स्वतंत्र आठवडा द्या, कारण तो चार वेष घेतो: सूर्य, चंद्र, ट्रक आणि वाऱ्यावर. जुनी पुस्तके इथे घाई करतात, दोन धड्यांत सगळे उरकतात. आपण पंधरा दिवस लावावे.

त्यानंतर पहिल्या पुस्तकाची गरज संपते. दुसरे पुस्तक अर्धे झाले की मुलाला गोष्ट हवी असते, धडा नको. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले; त्याचे जुने अंक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यातली लहान गोष्ट मोठ्या अक्षरांत छापून घ्या. मूळ वाचनमाला सुती कापडात गुंडाळून, सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवून लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. पावसाळा संपला की एकदा काढून वारा द्यायचा.

आमचे पुस्तक अजून कपाटात गेलेले नाही. परवा फोंड्याच्या बसस्टँडवर नात पाट्या वाचत होती. मडगाव झाले, वाळपई झाले, पणजी तर बस पुरती थांबायच्या आत. मग एका पाटीपुढे थबकली आणि माझा पदर ओढत म्हणाली, “आजये, हो म अर्दो कित्याक?”

सोमवारी जोडाक्षरे काढते आहे.